पडद्याकडे पाठ

सिनेमाच्या कॅबिनमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला लोक हमखास म्हणतात, "मजा होती बुवा तुमची, रोज फुकट सिनेमा." मी वाद घालत नाही. खरं सांगायचं तर मी एकही सिनेमा धड पाहिलेला नाही. भिंतीतल्या विटेएवढ्या भोकातून पडदा दिसायचा, तोही दिव्यातला कार्बन नीट जळतोय का, रीळ सरळ चाललंय का, हे बघता बघता. आणि ऐकलेला तर एकही नाही. प्रोजेक्टरचा खडखडाट इतका की शेजारी उभं राहून कोणी ओरडलं तरी त्याचे फक्त दात दिसत. आमच्याच थेटरातली गाणी मी नंतर हाटेलात, चहा पिता पिता, लोकांच्या तोंडून ऐकली.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या, आमच्या भाषेत लढाईच्या, वर्षांतली. वऱ्हाड तेव्हा सीपीच्या, म्हणजे मध्य प्रांताच्या, दावणीला बांधलेलं, हुकूम नागपूरहून सुटायचे आणि बाजारात कुठलीही वस्तू मागितली की 'लढाई संपू द्या' हे उत्तर मिळायचं. आमच्या मालकांचं एक थेटर अकोटला होतं, एक अकोल्याला, आणि पुढे अमरावतीला एक भाड्यानं घेतलं. मी तिन्हींत फिरता ऑपरेटर. लोक मला मास्तर म्हणत. कॅबिनमध्ये बसणाऱ्याला का कोण जाणे, पण सगळीकडे मास्तरच म्हणायचे.

आता थोडं कामाबद्दल सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. रिळाच्या काठावर आवाजाची एक बारीक पट्टी असते. यंत्र तिच्यावरून जो आवाज उचलतं तो माशीच्या गुणगुणण्याइतका. कॅबिनमधला लहान अँप्लिफायर त्याला थोडा मोठा करून तारेनं पडद्यामागे पाठवतो. आमच्याकडे मोठा अँप्लिफायर पडद्यामागेच, कर्ण्यांच्या पायाशी ठेवलेला होता, कारण कॅबिनमध्ये माझीच जागा मुश्किलीनं होत होती. त्याची वीज वेगळी, त्याचं बटण वेगळं. म्हणजे आवाजाला दोन दारं ओलांडायची. मी इकडून कमी पाठवला आणि तिकडचं बटण जास्त उघडलं, तर गाण्याबरोबर 'सूं' असा आवाज सतत येत राही. मी जास्त पाठवला तर मोठ्या अँप्लिफायरला तो पचत नसे. मग तिकडचं बटण कितीही खाली आणा, आवाज फाटलेलाच बाहेर यायचा. लोकांना वाटतं, आवाज मोठा झाला की फाटतो. तसं नाही. एकदा फाटलेला आवाज लहान केला तरी फाटकाच राहतो. तिकडच्या यंत्राला जेवढं हवं तेवढंच इकडून द्यायचं, ही सगळी विद्या. ऐकायला सोपी आहे.

मालकांनाही ती सोपीच वाटायची. अकोल्याला एकदा त्यांच्या मनात आलं की थेटरच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला एक कर्णा लावावा. गाणी ऐकून लोक तिकिटाला धावतील. मी नको म्हटलं. एका घागरीत दोन घरं कशी भागवायची? पण त्यांनी कोणाकडून तरी माझ्याच तारेला फाटा काढून कर्णा टांगून घेतला. आत आवाज निम्मा झाला, आतले लोक बोंबलू लागले. आणि रस्त्यावर मात्र सरकी-ढेपेच्या गाड्या थांबवून लोक निवांत गाणी ऐकत उभे. तिकीट कोणी काढीना. फुकट ऐकू येत असताना आत कोण जाणार? पुढच्या आठवड्यात तो कर्णा उतरला. मालक त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मीही शहाणपणा मिरवला नाही. चांगल्या नोकराचं ते लक्षण समजत असत.

तर आवाज जुळवून ठेवला तरी रोज बिघडायचाच. रिकामं थेटर असलं की टिनाचं छत घुमतं. माणसं भरली, आणि हिवाळ्यात घोंगड्या पांघरून आली, की आवाज त्या लोकरीत मुरतो. बाजाराच्या दिवशी वेगळा आवाज लागतो, अमावस्येला वेगळा. आणि ऑपरेटरला तर कॅबिनमध्ये काही ऐकूच येत नाही. म्हणून खाली थेटरात एक माणूस बसवलेला असे. त्याच्या हातात सुतळी, सुतळीचं दुसरं टोक माझ्या कानाशी टांगलेल्या डब्याला, डब्यात गोटे. एक हिसका म्हणजे आवाज वाढवा. ओढून धरली म्हणजे कमी करा. डबा सारखा वाजायला लागला म्हणजे काहीतरी बंद पडलं, थांबवा. मी त्या माणसाच्या कानांवर चालायचो. आमच्या अकोटच्या थेटरात तो माणूस म्हणजे पुंजाजी.

पुंजाजी माझ्यापेक्षा बराच मोठा, उंच, जरा वाकलेला. अकोटच्या बाहेर त्याच्या भावाची वांगी-सांभाराची, म्हणजे वांगी-कोथिंबिरीची, बागाईत होती, पण त्यात पुंजाजीचा वाटा उरलेला नव्हता. तो आधी तिथल्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तेलवाला होता, म्हणजे चालत्या यंत्रांना तेल पाजायचं काम. तिथून सुटल्यावर मालकांनी त्याला आमच्याकडे ठेवलं. त्याची एक खोड होती. तो खुर्ची पडद्याच्या बाजूला, अगदी भिंतीशी टाकायचा आणि पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसायचा. मला वाटायचं, रोज तेच तेच बघून कंटाळला असेल. पण त्याच्यासारखा आवाज राखणारा मी पुढे कुठे पाहिला नाही. लोक कुजबुजायच्या आत त्याचा हिसका यायचा.

एका पावसाळ्यात माझी दाढ सुजली. गालाला लेप लावून मी तोंडावरून, नाकाच्या खालपर्यंत फडकं बांधलं होतं. दुपारी पुंजाजी थेटर झाडत असताना मी त्याला विचारलं, "जेवले का पुंजाजीभाऊ?"

"हो हो."

"मालक येऊन राह्यले का आज?"

"हो."

मला शंका आली. म्हटलं, "तुमची म्हैस व्याली का?"

"हो, झालं बराबर," पुंजाजी म्हणाला. पुंजाजीकडे म्हैस नव्हती.

माझ्या डोळ्यांवरून त्यालाही कळलं की काहीतरी चुकलं. त्यानं झाडू भिंतीला टेकवला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, तो फडका काढता का तोंडावरचा? मले तुमचं बोलनं दिसत नाई."

मी फडकं सोडलं. मग त्यानं सगळं सांगितलं. जिनात यंत्रांच्या रांगा सुरू झाल्या की कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. तिथं बाया-बाप्ये सगळे ओठांवरून एकमेकांचं बोलणं ओळखतात. वर्षानुवर्षं त्या गोंगाटात त्याचे कान गेले, पण बोलणं ओठांवर कळत असल्यामुळे जिनात कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकदा कोणी मागून ओरडलं, पट्टा तुटला म्हणून. त्याला कळलं नाही, आणि त्याच्या शेजारच्या गड्याचा हात गेला. जिननं त्याचे कान घेतले आणि कान नाहीत म्हणून जिननंच त्याला घरी बसवलं. आमच्या मालकांना त्यानं हे सांगितलं नव्हतं.

"मंग आवाजाचं तुमी कसं करता?" मी विचारलं.

"आवाज लोकाइच्या तोंडावर पाहाचा, मास्तर." असं म्हणून त्यानं मला रिकाम्या थेटरात बोटानं दाखवत दाखवत शिकवलं. पडद्याचा उजेड समोरच्यांच्या चेहऱ्यावर पडतो. आवाज कमी असला की म्हातारे मान तिरपी करतात, बाया शेजारणीला विचारतात. जास्त झाला की माणूस डोळे बारीक करतो, लेकरं कानावर हात ठेवतात. आणि सगळ्यात पक्की खूण हसण्याची. विनोद झाला की सगळे एकदम हसले पाहिजेत. पुढचे हसले आणि मागचे थांबून हसले, म्हणजे मागच्यांनी शेजाऱ्याला विचारून मग हसणं उरकलं. तिथं एक हिसका द्यायचा. "विनोद कधी झाला, हे तुमाले कसं कयते?" मी विचारलं. तो म्हणाला, "पुढची रांग सांगते ना."

नंतर मला आणखी एक गोष्ट कळली. अकोटचे अर्धे प्रेक्षक जिनातलेच, त्यांचेही कान थोडेफार गेलेले. माझ्या बटणावरची अकोटची खूण अकोल्याच्या खुणेच्या बरीच वर होती आणि मी त्याचं कारण टिनाच्या छतात शोधत होतो. माझ्या यंत्रावरच्या काट्यावरून आवाज जातोय एवढंच कळे. नेमके मोजणारे मीटर आले ते फार पुढे, आणि तेही तारेतलाच आवाज मोजतात. समोर कुणाचे कान बसलेत, ते त्यांना कळत नाही.

पुंजाजी जाताना म्हणाला, "मास्तर, कोनाले सांगू नोका. भावाच्या घरी भावजयच्या हाताखाली राबनं मले जमनार नाई." मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? काम तर चोख होत होतं.

मग मालकांनी अमरावतीचं थेटर घेतलं आणि आम्हा दोघांना तिकडे नेलं. अकोटचा सर्वात चांगला माणूस म्हणून पुंजाजीला नेलं, हे इथे सांगायला हवं. पुंजाजीनं नेहमीप्रमाणे खुर्ची पडद्याच्या बाजूला टाकली आणि लोकांकडे तोंड करून बसला. पहिले काही दिवस उत्तम गेले. त्यानं माझा आवाज अकोटपेक्षा बराच खाली आणून ठेवला. वकील-कारकुनांचे कान शाबूत होते.

पण अमरावती म्हणजे अकोट नव्हे. अकोटला पुंजाजीला सगळं गाव ओळखत होतं, ओळखीतल्याच लेकी-सुना समोर बसत. इथं त्याला कोणी ओळखत नव्हतं. बायकांची बसायची जागा उजव्या हाताला होती, आडवा कापडी पडदा, पण खेळ सुरू झाला की तो सरकवत. एक पेन्शनर गृहस्थ मालकांकडे आले आणि म्हणाले, "तुमचा तो माणूस सिनेमा सोडून आमच्या घरच्या बायकांकडे टक लावून पाहतो. असलं इथे चालायचं नाही."

मालकांनी पुंजाजीला माझ्यासमोर विचारलं, "लोकाइकडे तोंड करून काहून बसून राह्यला तू?"

"सवय हाये, मालक."

"मंग सवय बदल."

दोन शब्दांत त्याची बदनामी पुसली गेली असती, पण त्या दोन शब्दांनी नोकरीही गेली असती. दारावरचे गडी त्याच्यामागे हसू लागले. त्याला ऐकू येत नव्हतं, पण थेटरच्या दुसऱ्या टोकाला कोणी ओठ हलवले तरी त्याला कळत होतं. 'बाया पाहाले बसते' हे त्यानं कितीदा वाचलं असेल, कोण जाणे. लेकी सासरी नांदत असलेला माणूस तो. मला फार वाईट वाटे. मी त्याला म्हटलं, "सांगून टाका मालकाले. तुमचं काम त्याईनं पाह्यलं हाये."

तो म्हणाला, "बहिऱ्याले आवाजाच्या कामावर कोन ठेवते, मास्तर? तुमी ठेवसान का?"

मी ठेवलं असतं. पण थेटर माझं नव्हतं.

खुर्ची फिरवली गेली. ती आता मधल्या वाटेवर, पुढच्या रांगेच्याही पुढे आली. तोंड पडद्याकडे आणि सगळी माणसं पाठीमागे. पुंजाजीसमोर आता फक्त पडदा, आणि पडद्यावरची माणसं काही आवाज कमी झाला म्हणून मान तिरपी करत नाहीत. तो चोरून मागे वळून बघायचा, की लगेच कोणीतरी खाकरायचं. मग तो अंदाजानं हिसके देऊ लागला. मीही मनानंच बटण कमी-जास्त करत होतो. भोकातून मला लोकांचे फक्त टाळू दिसत. तक्रारी येऊ लागल्या. मालक म्हणाले, "पुंजाजीचं लक्ष नाई रे आजकाल." मी म्हटलं, नवी जागा आहे, बसेल हळूहळू. मला ठाऊक होतं की बसणार नाही.

एका संध्याकाळी पहिल्या खेळाला थेटर भरलेलं होतं. मध्यंतराला अजून वेळ होता. माझ्यासमोर कॅबिनमधल्या यंत्राचा काटा नीट हलत होता, म्हणजे माझ्याकडून आवाज बरोबर जात होता. आणि भोकातून बघतो तर लोक उभे राहिलेले. हात वर करताहेत, माझ्याकडे वळून काहीतरी ओरडताहेत. मी डब्याकडे पाहिलं. डबा गप्प. पुन्हा काट्याकडे पाहिलं, काटा नाचतोच आहे. मग लक्षात आलं. पडद्यामागचा मोठा अँप्लिफायर गेला होता. त्याचा नवा व्हॉल्व्ह, म्हणजे आतली काचेची नळी, लढाईमुळे मिळत नव्हता, जुनाच किती महिने रेटत होतो. थेटरात अजिबात आवाज नव्हता.

आणि त्या सगळ्या उभ्या राहिलेल्या माणसांच्या पुढे, मधल्या वाटेवर, पुंजाजी एकटा बसलेला होता. सुतळी मांडीवर सैल पडलेली. पडद्यावर आई मुलाची समजूत घालत होती आणि पुंजाजी तिच्या ओठांकडे बघत मान डोलावत होता. त्याला ती आई काय म्हणते ते सगळं कळत होतं. त्या थेटरात त्या वेळी फक्त त्यालाच कळत होतं. मागून भुईमुगाच्या शेंगांची टरफलं त्याच्या डोक्यावर येऊन पडली, तेव्हा तो वळला.

खेळ बंद झाला. लोकांना बाहेर काढता काढता दारावरच्या गड्यांची पुरेवाट झाली. मालकांनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. दारावरच्या गड्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की पुंजाजी झोपला होता.

"झोपला होता का?" मालकांनी त्याच्याकडे बघत विचारलं.

पुंजाजीला ते ओठांवर स्पष्ट दिसलं. बुडत्याला काहीतरी हाताला लागावं तसं त्यानं ते धरलं. "हो मालक. डोया लागला. चुकी झाली."

मालकांनी त्याला बरंच झाडलं. लोकांसमोर अब्रू गेली, पेन्शनर पुन्हा दारात उभा राहील, वगैरे. पुंजाजी मान खाली घालून, पण डोळे वर ठेवून उभा होता. मग मालक थकले. दिवेलागण टळून गेली होती. भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे ते वळले आणि काडी ओढून उदबत्ती लावू लागले. आमच्याकडे पाठ. उदबत्ती पेटली. मग तसेच, वळल्याशिवाय, अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "जाय. जुना मानूस म्हनून सोडतो. उद्या झोप काहाडून टाइमावर ये."

माझा जीव भांड्यात पडला. पुंजाजी मात्र त्यांच्या पाठीकडे बघत होता. मालक बोलता बोलता पाठ फिरवून देवाला उदबत्ती लावायला लागले, एवढंच त्यानं पाहिलं होतं. नोकराला याहून वेगळा अर्थ काय लागणार? मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेऊ लागलो. त्याला वाटलं, मालकांनी हाकललं आणि मी त्याला बाहेर काढतो आहे. त्यानं माझा हात झटकला आणि हात जोडून, बहिरा माणूस बोलतो तसा मोठ्यानं बोलला, "मालक, कामावरून काढू नोका. मी झोपलो नवतो. मले आयकू येत नाई, लय वर्सं झाले. पन माही खुर्ची फिरवू द्या, मी डोयानं आयकतो. अकोटात कोनाची तकरार नवती, पुसा मास्तरले."

मालकांचा उदबत्ती धरलेला हात तिथंच थांबला. ते सावकाश वळले. आधी पुंजाजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, खरं हाये?"

पुंजाजी आता माझ्या ओठांकडे बघत होता. मी म्हटलं, "खरं आहे, मालक. आणि काम त्याच्याएवढं चांगलं कोणी करत नाही, हेही खरं आहे." दुसरं खरं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. पहिल्यानंच खोली भरली होती. थेटरात आवाज राखायला बहिरा ठेवलाय, हे उद्या शहरभर झालं असतं, आणि मालकांना अमरावतीत अजून नाव कमवायचं होतं.

मालक वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणतो. त्यांनी उदबत्ती तसबिरीपुढे खोचली, हात धोतराला पुसले आणि पुंजाजीच्या अगदी समोर, दिव्याच्या उजेडात येऊन उभे राहिले. आणि जे सांगायचं होतं ते त्यांनी सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असं सांगितलं. पुंजाजीला ते पुन्हा विचारावं लागलं नाही.